घरोघरी जाऊन मरणाचे कारण शोधणारा विद्वान : डॉ. ड्यू बॉईस

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिले. तेथील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपले गाऱ्हाणे नेल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे मांडावा असा विचार सुरू होता, म्हणून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलै १९४६ रोजी त्या विद्वानाने उत्तर पाठवले. बाबासाहेबांचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि भारतातील अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. ते विद्वान म्हणजे डॉ. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉईस. हा पत्रव्यवहार चळवळीतील अनेकांना माहीत आहे. परंतु त्याच्या ५० वर्षे आधी याच माणसाने आपल्या समाजाच्या आरोग्यावर जे संशोधन केले, त्याची माहिती आपल्या तरुणांना फारशी नाही.

ड्यू बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईने कष्ट करून वाढवले, पण मुलाचे शालेय शिक्षण पूर्ण होते न होते तोच तीही गेली. गावातील चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून या हुशार मुलाला फिस्क विद्यापीठात पाठवले. तेथून ते हार्वर्डला गेले, मग दोन वर्षे बर्लिनला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकले. १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

एवढी विद्वत्ता असूनही गोऱ्यांच्या विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी अर्धेच उघडले. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहरातील निग्रो वस्तीचा अभ्यास करण्याचे काम दिले. पण बसायला खोली दिली नाही, शिकवायला विद्यार्थी दिले नाहीत. शहर बिघडले आहे आणि त्याला काळे लोकच कारणीभूत आहेत, अशी तेथील अनेक प्रतिष्ठितांची समजूत होती.

ड्यू बॉईस नवपरिणीत पत्नी नीना यांच्यासह त्याच वस्तीत, सेव्हन्थ वॉर्डात, एका खोलीत राहायला गेले. हातात प्रश्नावली घेऊन ते दारोदार हिंडले. सुमारे २,५०० कुटुंबांची माहिती त्यांनी गोळा केली. घरात माणसे किती, खोल्या किती, भाडे किती, काम कोणते, शिक्षण किती, आजार कोणता, हे सारे त्यांनी विचारले. आधी वस्तीतल्या लोकांनाही हा सुटाबुटातला शिकलेला माणूस परका वाटला. आपल्याला कोणी अभ्यासाची वस्तू बनवलेले त्यांना आवडत नव्हते. तरीही ड्यू बॉईस यांनी चिकाटी सोडली नाही.

याच सुमारास, १८९६ मध्ये, फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. काळ्या लोकांमध्ये क्षयाने आणि बालपणी मरणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे, हे त्याने आकड्यांनी दाखवले. मात्र त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की दोष त्यांच्या वंशातच आहे आणि हा वंश नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. या निष्कर्षाचा परिणाम केवळ कागदावर राहिला नाही. काळ्या माणसाचा विमा न उतरवण्याला आणि त्याच्या वस्तीवर सरकारी पैसा खर्च न करण्याला शास्त्राचा आधार मिळाला. जे रक्तातच आहे त्याला इलाज कसला, असे म्हणून हात झटकता येत होते.

ड्यू बॉईस यांनी १८९७ साली त्या पुस्तकाचे परीक्षण लिहून त्यातील तर्काचा पाया उखडला. नेपल्स, माद्रिद, बुडापेस्ट अशा युरोपीय शहरांत गोऱ्यांचा मृत्युदरही तितकाच किंवा त्याहून जास्त होता, हे त्यांनी दाखवून दिले. मग त्या गोऱ्यांचा वंशही नष्ट होणार, असे कोणी का म्हणत नाही?

१८९९ साली फिलाडेल्फियाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, हे त्यांनी लपवले नाही. पण शहराचा एकच आकडा घेऊन ते थांबले नाहीत. त्यांनी वॉर्डावॉर्डाची तुलना केली. जेथे घाण, कोंदट घरे आणि सांडपाणी होते, त्या फिफ्थ वॉर्डात काळ्यांचा मृत्युदर भयंकर होता. थर्टिएथ वॉर्डात चांगली घरे आणि स्वच्छ रस्ते होते, तेथे तो कमी होता. वंश तोच, शहर तेच. फरक राहणीच्या परिस्थितीचा होता. काळ्यांना वाईट घरासाठी जास्त भाडे मोजावे लागे आणि चांगल्या नोकऱ्या त्यांना बंद होत्या, हेही त्यांनी नोंदवले. आपल्या लोकांतील अस्वच्छतेच्या सवयी आणि दवाखान्याची भीती यांवरही त्यांनी पांघरूण घातले नाही.

त्याच वर्षी हा प्रश्न त्यांच्या घरात शिरला. ते तेव्हा अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक होते. मे १८९९ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने आजारी पडला. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात काळे डॉक्टर अगदी थोडे होते आणि काळ्या बाळाला गोऱ्या डॉक्टरकडे उपचार मिळण्याचा भरवसा नव्हता. दोन वर्षांचेही न झालेले ते बाळ दगावले. त्याला दक्षिणेच्या मातीत पुरायला आईबाप तयार नव्हते. त्यांनी त्याला ग्रेट बॅरिंग्टनला नेले.

ड्यू बॉईस यांनी संशोधन थांबवले नाही. १९०६ साली अटलांटा येथे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर परिषद भरवली आणि मोठा अहवाल संपादित केला. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, तेथील मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस त्या वेळी अटलांट्याला आले होते. क्षय हा वंशाचा नसून समाजाने निर्माण केलेला रोग आहे, असे अहवालाने स्पष्ट सांगितले. गरीब गोऱ्यांच्या काही वस्त्यांत क्षयाचे प्रमाण काळ्यांपेक्षाही जास्त होते. परिषदेने गावोगावी आरोग्य मंडळे स्थापण्याची शिफारस केली.

पुढे १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ‘एनएएसीपी’ ही संघटना स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि तिचे ‘क्रायसिस’ हे मासिक त्यांनी १९३४ पर्यंत चालवले. म्हातारपणी सरकारने त्यांच्यावर खटला भरला; ते निर्दोष सुटले, तरी पासपोर्ट अनेक वर्षे मिळाला नाही. १९६१ साली ते घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात ही बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली.

आपल्यासाठी या चरित्रात शिकण्यासारखे काय आहे? त्यांना रक्ताचा दोष सांगितला गेला, आपल्याला पूर्वजन्मीच्या कर्माचा. दोन्हींचा उपयोग एकच: दुःख भोगणाऱ्यालाच अपराधी ठरवायचे आणि व्यवस्थेला मोकळे सोडायचे. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये नाकारला आहे. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आहे. ड्यू बॉईस बौद्ध नव्हते, पण कारण शोधण्याची त्यांची रीत आपल्याला परकी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जातींचे आकडे वेगळे मिळतात. ते जरूर वाचावेत. पण आपल्या वस्तीतल्या कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, कोणत्या घरात क्षयाचे औषध अर्धवट सुटले, गटारात उतरणाऱ्या किती भावांना छातीचा आजार आहे, हे त्यात सापडणार नाही. विहारात दर रविवारी जमणाऱ्या तरुणांनी वही घेऊन घरोघरी जावे, लोकांच्या संमतीने नोंद करावी आणि ती नोंद घेऊन नगरपालिकेच्या दारात उभे राहावे. भाषणाला उत्तर देणे सोपे असते. गल्लीनिहाय नोंदीला उत्तर देताना अधिकाऱ्याला फाईल उघडावीच लागते.

जय भीम! नमो बुद्धाय!