विश्लेषण : बहुमत नसताना गोखल्यांनी सरकारपुढे विषय कसे ठेवले?

राज्यसभेत अधिवेशनकाळात शुक्रवारचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी असतात. सरकारला अडचणीचा वाटणारा विषयही तेव्हा ठराव म्हणून सभागृहापुढे आणता येतो. देशाच्या कायदेमंडळात ही वाट मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे १९१० पासून खुली झाली. तिचा नेमका वापर करणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले आघाडीवर होते.

आधी काय होते?

गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले. तेव्हा केंद्रात एकच सभागृह होते. वरिष्ठ सभागृह १९२१ मध्ये आले. सदस्यांना वर्षातून एकदा अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मतदान नव्हते. गोखल्यांनी त्या एका भाषणाचेच हत्यार केले. तिजोरीतली शिल्लक ही समृद्धीची खूण नसून जादा करवसुलीचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडले आणि मिठावरील कराचा विषय दरवर्षी लावून धरला. हा कर १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने घटला.

ठरावाने काय साधले?

ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस; तो बंधनकारक नव्हता. अध्यक्ष त्याला परवानगी नाकारू शकत आणि बहुमत सरकारी सदस्यांचेच होते. तरीही ठराव आला की सरकारला उत्तर द्यावे लागे. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि जुलै १९११ पासून तिथली मजूरभरती बंद झाली.

शिक्षणाचा रस्ता मात्र लांबचा ठरला. मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव त्यांनी मार्च १९१० मध्ये मांडला आणि सरकारच्या आश्वासनानंतर मागे घेतला. हालचाल दिसेना, तेव्हा पुढच्याच वर्षी थेट विधेयक आणले. ते मुद्दामच मवाळ होते. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने सरकारच्या मंजुरीने ठरवायचे, तीही सुरुवातीला सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतीच. सरकारला नाही म्हणायला जागा उरू नये, असाच हा बेत असावा. पण सरकारने जागा शोधली : लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे प्रतिकूल आहेत, पैसा नाही. काही हिंदी सदस्यही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये विधेयक निवड समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव ३८ विरुद्ध १३ मतांनी पडला.

पराभव होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. त्याच महिन्यात करारबद्ध मजुरीची पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठरावही फेटाळला गेला.

पुढे काय झाले?

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निवर्तले. मजुरीच्या पद्धतीविरुद्धचा ठराव मदनमोहन मालवीयांनी मार्च १९१६ मध्ये पुन्हा मांडला आणि या वेळी सरकारने तो स्वीकारला. शिक्षणाचा धागा विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात उचलला. १९१८ मध्ये तिथे नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला.