विश्लेषण : लंडनने ‘बुटका’ ठरवलेला गामा पैलवान! ५ हजार बैठका, १० लिटर दूध… हे शरीर नेमके घडले कसे?

उंची बेताची, हाडे बारीक, घरचे जेवण डाळ-भात. अशा अंगकाठीवर स्नायू चढतात का, हा प्रश्न जिममध्ये रोज कोणीतरी विचारतोच. त्यावर उत्तर म्हणून समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरणारे नाव आहे गामा पैलवान. रोज ५ हजार बैठका, ३ हजार जोर, १० लिटर दूध आणि अख्ख्या कारकीर्दीत एकही पराभव नाही, एवढ्यात त्यांचे आयुष्य रीलमध्ये आटोपले जाते. हे आकडे कुठून आले, त्यांचा खर्च कोणी उचलला आणि तो थांबल्यावर काय झाले, हे मात्र रीलमध्ये नसते.

दहाव्या वर्षी जोधपूरमध्ये काय घडले?

गामा यांचे मूळ नाव गुलाम मोहम्मद बक्ष बट. जन्म २२ मे १८७८ चा, पंजाबमधील काश्मिरी वंशाच्या पैलवान घराण्यातला. सहाव्या वर्षी वडील मोहम्मद अझीझ बक्ष गेले. आजोबा (आईचे वडील) नून पैलवान यांनी नातवाला आखाड्यात उतरवले. तेही गेल्यावर मामा ईदा पैलवान यांनी जबाबदारी घेतली.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. चारशेहून अधिक पैलवान उतरले होते. एकेक जण गळत गेला आणि शेवटच्या १५ जणांत दहा वर्षांचा गामा उभा होता. महाराजांनी त्यालाच विजेता ठरवले. पुढे बुंदेलखंडातील दतिया संस्थानाच्या महाराजांनी या पोराला आश्रय दिला. राहणे, खाणे, वस्ताद, जोडीदार या सगळ्याची सोय संस्थानाने केली. गामा यांच्या शरीराची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

रोजचा व्यायाम नेमका काय होता?

आखाड्याच्या परंपरेत सांगितला जाणारा ५ हजार बैठका आणि ३ हजार जोर हा आकडा मोजून पाहण्यासारखा आहे. एका बैठकेला दीड सेकंद धरला तर ५ हजार बैठकांना दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. एका जोराला दोन सेकंद धरले तर आणखी एक तास ४० मिनिटे. म्हणजे अंगाला माती लागण्याआधीच पावणेचार तास! त्यानंतर आखाड्यात एकामागून एक सुमारे ४० जोडीदारांशी लढत. ही पूर्णवेळ नोकरी होती. ऑफिसमधून सुटल्यावर ४५ मिनिटे काढणाऱ्याने त्याच्याशी तुलना करून निराश होण्याचे कारण नाही.

हजारो बैठकांनी प्रामुख्याने दमसास वाढतो. वजन न वाढवता नुसती संख्या वाढवत गेल्यास स्नायूंची वाढ एका टप्प्यावर मंदावते. मग गामा यांचा तो रुंद गळा आणि मांड्या कुठून आल्या? याचे एक उत्तर पतियाळातील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात आहे. तिथे गामा यांची ‘हसली’ ठेवली आहे. हे गळ्यात अडकवायचे दगडी कडे असून त्याचे वजन सुमारे ९५ किलो आहे. ते घालून ते बैठका मारत. आजच्या भाषेत हे बारबेल स्क्वाटच. शिवाय आखाड्यातला जोडीदार म्हणजे स्वतःहून विरोध करणारे जिवंत वजन. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत घडलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एक इशारा इथेच द्यायला हवा. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या तर स्नायू तुटून त्यातील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी गडद तपकिरी रंगाची झाली तर थेट रुग्णालय गाठावे लागते. गामा या संख्येपर्यंत लहानपणापासून वर्षानुवर्षे चढत गेले होते.

१० लिटर दुधाचे गणित

दूध, बदामाची थंडाई, तूप, फळांचा रस आणि पुढे मांसाची यखनी, असा हा खुराक. त्यातले फक्त दूध घेऊ. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३३ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे १० लिटरमधून ३३० ग्रॅम प्रथिने आणि सहा हजारांहून अधिक कॅलरी. स्नायू वाढवण्यासाठी आज दर किलो वजनामागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. ७० किलोच्या माणसाला ११०-१५० ग्रॅममध्ये भागते. गामा यांचा खुराक त्याच्या दुपटीहून जास्त, पण रोजचे सहा-सात तासांचे कष्टही तसेच होते.

आता खर्च पाहू. लिटरला ६० ते ७० रुपये भाव धरला तर नुसत्या दुधाचे महिन्याला १८ ते २१ हजार रुपये होतात. बदाम, तूप, मांस वेगळे. हे पैसे गामा यांच्या घरी नव्हते, संस्थानाच्या तिजोरीत होते. आणि हा खुराक प्रत्येक आशियाई पोटाला झेपेल असेही नाही. प्रौढपणी दुधातील साखर पचवण्याची क्षमता पंजाबकडे तुलनेने जास्त आढळते, पूर्व आशियात फारच कमी. दक्षिण आशियाई पुरुषांत तेवढ्याच उंची-वजनाच्या युरोपीय पुरुषांपेक्षा सरासरी स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हेही खरे. म्हणून तर आपल्याकडे वजनकाटा स्नायू किती आहेत ते सांगत नाही.

लंडनने का नाकारले?

१९१० मध्ये गामा धाकटे भाऊ इमाम बक्ष यांच्यासह लंडनला पोहोचले. प्रवासाचा भार बंगालमधील धनिक शरतकुमार मित्र यांनी उचलला होता. उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच, वजन ९० किलोच्या आसपास. हेवीवेट स्पर्धेसाठी हा माणूस बुटका आहे, असे सांगून आयोजकांनी प्रवेश नाकारला. हिंदी माणूस अंगाने दुबळा असतो हा समज तेव्हा साम्राज्यात घट्ट बसलेला होता. उंचीच्या पट्टीमागे तोही होताच, असे मानायला जागा आहे.

गामा यांनी मग जाहीर आव्हान दिले : कोणत्याही वजनाचे तीन मल्ल ३० मिनिटांत पाडून दाखवतो. आधी लोकांना ही थाप वाटली. पुढे आलेल्या अमेरिकन बेंजामिन रोलरला त्यांनी दोन मिनिटांच्या आत पाडले आणि स्पर्धेचा दरवाजा उघडला.

१० सप्टेंबर १९१० रोजी समोर होता पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को, त्यांच्यापेक्षा बराच वजनदार. सुरुवातीलाच तो खाली गेला आणि चटईला चिकटून बसला. त्याला उलटा करण्यात अडीच तासांहून अधिक वेळ गेला, कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने, १७ सप्टेंबरला पुन्हा गाठ ठरली होती. झ्बिस्को आलाच नाही. ‘जॉन बुल’ पट्टा गामा यांना मिळाला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अलाहाबादला रहीम बक्ष सुलतानीवाला यांना हरवले. सात फुटांच्या जवळपास उंचीच्या या मल्लाशी १८९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी पहिल्यांदा टक्कर घेतली होती. ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब या विजयाने पक्का झाला.

बडोद्याचा १२०० किलोचा दगड खरा का?

सयाजीबागेतील बडोदा संग्रहालयात एक दगड आहे. गुलाम मोहम्मद यांनी तो २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, अशी त्यावर नोंद आहे. वजन १२०० किलो सांगितले जाते, उंची अडीच फूट. अडीच फुटी घनाकृती ग्रॅनाइटचे वजन खरोखरच १२०० किलोच्या आसपास भरते. पण आजचा डेडलिफ्टचा जागतिक विक्रम ५०० किलोच्या थोडाच पुढे आहे. त्यामुळे एवढे वजन जमिनीपासून पूर्ण उचलले, हे पटणारे नाही. एक कड उचलणे किंवा कलंडवणे ही वेगळी गोष्ट, आणि तीही लहान नाही. गामा यांची ताकद सांगायला या दगडाची गरज पडू नये.

कारण १९२८ ची कुस्ती आहे. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी गामा आणि झ्बिस्को यांना पुन्हा समोरासमोर आणले. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. या वेळी निकाल एका मिनिटाच्या आत लागला, झ्बिस्को चीत. पुढच्या वर्षी जेसी पीटरसनही दोन मिनिटे टिकला नाही. पतियाळा दरबाराने चांदीची गदा दिली. त्यानंतर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरलाच नाही.

संस्थाने गेली, मग काय?

फाळणीच्या वेळी गामा लाहोरमध्ये होते. मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी ते आपल्या पठ्ठ्यांसह उभे राहिले आणि त्यांना सीमेकडे सुखरूप रवाना केले, असे सांगितले जाते. दतिया आणि पतियाळा मात्र आता सीमेपलीकडे गेले होते. ज्या दरबारांनी चार दशके खुराक पुरवला तेच उरले नाहीत. उतारवयात दीर्घ आजाराने गाठले, औषधपाण्याला पैसे पुरेनात. पाकिस्तान सरकारने काही जमीन आणि निवृत्तिवेतन दिले. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी मदत पाठवली.

२३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामा यांचे निधन झाले. ८२ वा वाढदिवस आदल्याच दिवशी होऊन गेला होता. जोर-बैठकांची त्यांची पद्धत तोवर इंग्रजी मासिकांतून बाहेर पोहोचली होती. त्यातले लेख वाचून स्वतःच्या व्यायामात जोर आणि बैठका घेणाऱ्यांत एक होता ब्रूस ली, उंची गामांएवढीच.