ऑप्शन चेन नव्हती तेव्हा बाजार एका माणसाकडे बघायचा: गोष्ट प्रेमचंद रायचंद यांची

सकाळचे सव्वानऊ, बाळकुम नाका. बसची वाट बघणाऱ्यांपैकी कुणाच्या मोबाईलवर रील सुरू असते, तर कुणाच्या मोबाईलवर निफ्टीची ऑप्शन चेन. कॉल किती, पुट किती, ओपन इंटरेस्ट कुठं वाढलाय, हे बघून बाजाराचा मूड ओळखायचा.

पण हे आकडेच नसते तर? १८६० च्या दशकात मुंबईत ते नव्हतेच. तेव्हा लोक एका माणसाकडे बघायचे. तो माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद.

जन्म १८३१ चा, सुरतच्या जैन कुटुंबात. वडिलांसोबत मुंबईत आले, शिकले आणि १८४९ च्या सुमारास दलालीत शिरले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. भाव कडाडले, शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा नव्या बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गेला. बॅकबे रिक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास पोहोचला. प्रेमचंद ज्या कंपनीत, तिचा शेअर वर, असं समीकरणच झालं. बँक ऑफ बॉम्बेवरही त्यांचा इतका वचक होता की शेअर तारण ठेवून सहज कर्ज मिळायचं.

खरी गोम होती मुदतीच्या सौद्यांत. आज भाव ठरवायचा, पैसे नंतर द्यायचे. अनेक सौद्यांची मुदत होती १ जुलै १८६५. पण हे सौदे खासगीत व्हायचे. एकूण किती सौदे उभे आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ओपन इंटरेस्टचा आकडाच नव्हता.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या सैन्यानं शरणागती पत्करली. कापूस कोसळला, पाठोपाठ शेअरही. १ जुलै उजाडला तेव्हा घेणारे सगळेच, देणारा कुणी नाही. प्रेमचंद बुडाले, त्यांच्या भरवशावर बसलेलेही बुडाले. पुढे बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली आणि चौकशी आयोगासमोर प्रेमचंद यांचे व्यवहार आले.

आज आकडे आहेत. पुटचा ओपन इंटरेस्ट भागिले कॉलचा, म्हणजे पुट-कॉल रेशो. तो १ च्या वर गेला की काहीजण म्हणतात लोक घाबरलेत, तर काहीजण म्हणतात पुट विकणाऱ्यांना बाजार पडणार नाही याची खात्री आहे. आकडा तोच, अर्थ उलटे. कारण प्रत्येक सौद्यात एक घेणारा असतो आणि एक विकणारा. आकडा सांगतो पैसा कुठं लागलाय. कोण बरोबर, हे तो सांगत नाही.

ऑप्शन आपल्याकडे नवेही नाहीत. कॉलला जुना शब्द ‘तेजी’, पुटला ‘मंदी’. १९५६ च्या कायद्यात हे दोन्ही शब्द आहेत, आणि त्याच कायद्यानं शेअर्समधल्या ऑप्शनवर बंदी घातली होती. ती १९९५ मध्ये उठली, २००१ मध्ये निफ्टी ऑप्शन सुरू झाले. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य गुंतवणूकदारांना तोटा झाला. ऑप्शन चेन तर त्यांच्याही मोबाईलवर होतीच.

प्रेमचंद पुन्हा धंद्यात उभे राहिले, १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन करणाऱ्यांत होते, १९०६ मध्ये गेले. तेजीत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे तेजी संपून तेरा वर्षं उलटल्यावर. पुढच्या वेळी चर्चगेटला उतरलात तर वर बघा. बाजारातला सगळा कागदी पैसा गेला, दान केलेला तेवढा अजून उभा आहे.