खांसाहेब अब्दुल करीम खाँ व सुरांची गाळणी

हिंगोली हा नर्सीच्या नामदेवरायांचा मुलूख. येथील कान भजनाला व पेटीला सरावलेले आहेत. पेटींत स्वर बारा, व ते कायमचे बसविलेले. ज्या गवयास एवढ्यानें समाधान वाटलें नाहीं, त्या खांसाहेब अब्दुल करीम खाँ यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

खांसाहेबांचा जन्म १८७२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत किराणा गांवीं झाला. तरुणपणीं ते बडोदें दरबारीं होते. पुढें मिरज हें त्यांचें घर झालें. १९१३ सालीं त्यांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढलें. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचें गणित मांडीत होते, त्या कामीं खांसाहेबांच्या गळ्याचें मोठें साह्य झालें. तंबोरा जुळविण्यांत तर ते फारच काटेकोर. घोडी व तार यांमध्यें सुताचा दोरा नेमक्या जागीं सरकविला कीं, वरचे स्वयंभू स्वर झंकारूं लागतात, हीच जवारी.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजीं पाँडिचेरीस जात असतां सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर त्यांचा अंत झाला. मिरजेस त्यांचें दफन झालें.

आवाज मात्र तबकड्यांत राहिला, आणि तोहि गाळलेला. आरंभीं कर्ण्यापुढें गात. सेकंदास सुमारें २००० कंपनांपलीकडचा ध्वनि तबकडींत फारसा उतरत नसे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला व ही मर्यादा ५००० च्या आसपास गेली. खांसाहेबांच्या गाजलेल्या तबकड्या या दुसऱ्या काळांतल्या. त्यांतील झिंझोटीची ठुमरी ऐकून बाल भीमसेन जोशी गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले, हें सर्वश्रुतच आहे.

आतां त्या तबकड्या अंकांत उतरवितात. सीडीवर ध्वनीचीं सेकंदास ४४,१०० मापें असतात. कन्व्हर्टर त्यांवरून पुन्हां लहर घडवितो, व डिजिटल गाळणी २२,०५० कंपनांवरील भुताटकी ध्वनि अडविते. गाळणीची धार फार तीव्र असली तर एकाएकीं झालेल्या आघाताच्या मागेंपुढें सूक्ष्म थरथर उमटते. कधीं आघाताच्या अगोदरहि! परंतु ती कानाच्या सीमेवरची गोष्ट आहे, तिचें भय आम्हांस वाटत नाहीं. भय वाटतें तें खरखर घालविण्यासाठीं खालींच छाट घेणाऱ्या गाळणीचें.

ती झिंझोटी आम्हीं दोन प्रतींतून मुलांस ऐकविली. स्वच्छ केलेल्या प्रतींत खांसाहेब जणूं शेजारच्या खोलींत बसलेले, तंबोरा मुका. दुसरींत काटे बोचावे तशी खरखर, पण जवारी जिवंत. शाळेच्या संग्रहीं आम्हीं ही दुसरी प्रत ठेविली आहे.