अमेरिकेला निघालेले डॉप्लर

घरातलं सामान विकून झालं होतं. म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलाशी बोलणंही झालं होतं. साल १८३५. ख्रिस्तियन डॉप्लर देश सोडायच्या अगदी बेतात होते. फ्रिज-सोफा शेजाऱ्यांना देऊन विमान पकडलेल्या आपल्यासारख्यांना ती अवस्था वेगळी सांगायला नको. ऐन वेळी प्रागच्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि ते राहिले.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आपण वाचतो ते डॉप्लर हेच. जन्म २९ नोव्हेंबर १८०३, साल्झबुर्ग. घराणं पाथरवटांचं, पण या मुलाची प्रकृती तोळामासा, म्हणून शिकायला घातलं. व्हिएन्नात सहायकाची तात्पुरती नोकरी, ती संपल्यावर सूतगिरणीत हिशेबनीस. अर्ज करून करून थकले तेव्हा अमेरिका आठवली.

प्रागला २५ मे १८४२ रोजी मूठभर श्रोत्यांपुढे त्यांनी निबंध वाचला. उगम जवळ येत असेल तर लहरी दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात. रेल्वे फाटकाशी उभं राहून गाडीची शिट्टी ऐकलेल्या कोणालाही हे पटेल. जोडताऱ्यांचे रंग यामुळेच, हे त्यांचं म्हणणं मात्र चुकीचं ठरलं. तत्त्व खरं होतं. १८४५ मध्ये हॉलंडात बॉइस बॅलट यांनी चक्क आगगाडीत तुतारीवाले बसवून ते तपासलं.

पुढे १८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्नाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. मटारवाले मेंडेल तिथेच त्यांचे विद्यार्थी. पण छातीचं दुखणं बळावलं, त्यात पेट्झवाल या गणितज्ञाने त्यांच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. हवापालटासाठी व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ ला तिथेच वारले. वय फक्त ४९.

त्यांचं तत्त्व रक्तापर्यंत नेलं ते इथे जपानमध्ये. १९५० च्या दशकात ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी ध्वनिलहरींनी आधी हृदयाची, मग रक्तवाहिन्यांतली हालचाल टिपली. तेही १९६० मध्ये गेले.

माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, म्हणून मी ओजिमात दरवर्षी मानेची सोनोग्राफी करून घेतो. पडद्यावर रक्त लाल-निळं वाहताना दिसतं. ताऱ्यांच्या बाबतीत फसलेला रंग इथे निदान उपयोगी पडला! पण डॉप्लर सांगतो वेग. वाहिनीची भिंत कुठे सुरू होते हे शोधायचं काम वेगळं, ते आता संगणक करतो. रक्त काळं, भिंत उजळ. उजेड जिथे एकदम बदलतो तिथे तो रेघ ओढतो. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे भिंतीची जाडी, मिलिमीटरच्या दशांशात. चित्र दाणेदार असतं, त्यामुळे रेघ कधी भरकटते. यंदा तंत्रज्ञ बाईंनी ती दोनदा हाताने सरळ केली. आकडा गेल्या वर्षीपेक्षा ०.१ ने जास्त निघाला. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.