हार्पकार क्रुम्फोल्त्स

समुद्रगुप्ताच्या नाण्यावरील वीणा निरखून पाहिली, तर ती आजच्या वीणेपेक्षा पाश्चात्त्यांच्या हार्पलाच अधिक जवळची वाटते. आपल्याकडे तो प्रकार लोपला. युरोपात मात्र टिकला व वाढला. त्या वाढीसाठी झटलेल्या यान क्रुम्फोल्त्स या वादकाचे चरित्र आमच्या मते अधिक परिचित असावयास हवे होते.

क्रुम्फोल्त्सचा जन्म १७४०च्या दशकात बोहेमियात झाला. १७७३ साली व्हिएन्नात वादन केल्यावर त्यास एस्टरहाझी या सरदाराच्या दरबारी चाकरी मिळाली. तेथील संगीतप्रमुख होता साक्षात् हायडन. त्याच्यापाशी क्रुम्फोल्त्स रचनाशास्त्र शिकला. वरिष्ठांकडून विद्या मिळावी, हे भाग्य आम्हां नोकरदारांस क्वचितच लाभते! १७७६ साली चाकरी सोडून दौरे करीत तो पॅरिसला स्थायिक झाला.

त्या काळच्या हार्पची अडचण मोठी होती. प्रत्येक तारेचा सूर ठरलेला. पायाखालची पट्टी, म्हणजे पेडल, दाबली की वरचा आकडा तार ओढून धरी व सूर अर्ध्या स्वराने चढे. परंतु त्यात तार मूळ रेषेतून सरके आणि वेळप्रसंगी तुटे. शिवाय आवाज मोजका. नादेरमान या कारागिराकडून क्रुम्फोल्त्सने सात पेडलांना आठव्याची जोड देववली. ते दाबताच ध्वनिपेटीच्या पाठीची झडपे उघडत व नाद भरदार होई. १७८७ साली हे हार्प पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले. एरार या दुसऱ्या कारागिरासही त्याने सुधारणेस प्रवृत्त केले.

त्याची पत्नी अॅन-मरी ही त्याचीच शिष्या. वादनात ती गुरूच्याही पुढे गेली, असे जाणकार म्हणत. १७८८ साली ती त्यास सोडून लंडनला गेली. हा घाव त्यास सोसला नाही. १९ फेब्रुवारी १७९० रोजी त्याने सेन नदीत देह टाकला. पुढे लंडनला आलेल्या हायडनच्या मैफलींत अॅन-मरीचे हार्प वाजले. शिष्य गेला होता, गुरू ऐकत होता. त्या क्षणी हायडनच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आकड्यांचा दोष एरारने दूर केला. तार जागेवरच धरणाऱ्या खुंट्यांच्या चकत्यांचे पेटंट त्याने १७९४ साली घेतले, आणि १८१० साली प्रत्येक पेडलास दोन टप्पे दिले. आजचे हार्प याच रचनेवर चालते. त्यास पेडले सातच आहेत; क्रुम्फोल्त्सचे आठवे मागे पडले.