पीटर गोरर

पीटर आल्फ्रेड गोरर (१४ एप्रिल, इ.स. १९०७:लंडन, इंग्लंड - ११ मे, इ.स. १९६१) हे ब्रिटिश प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ व जनुकशास्त्रज्ञ होते. प्रतिरोपित ऊती शरीर स्वीकारते की नाकारते, हे ठरविणाऱ्या जनुकांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी जे.बी.एस. हाल्डेन यांच्याकडे जनुकशास्त्राचा अभ्यास केला. इ.स. १९३६ च्या सुमारास त्यांना उंदरांच्या तांबड्या रक्तपेशींवर एक प्रतिजन आढळला. त्याला त्यांनी दुसरा क्रमांक दिला. हा प्रतिजन असलेल्या उंदराची अर्बुदाची गाठ तो नसलेल्या उंदरात रुजत नाही, असे त्यांनी दाखविले.

इ.स. १९४८ मध्ये गोरर, जॉर्ज स्नेल व लायमन यांनी हे जनुक आणि शेपटी वाकडी करणारे जनुक बहुधा एकत्रच वारशाने येतात, म्हणजे एकाच गुणसूत्रावर असतात, हे सिद्ध केले. त्यास एच-२ हे नाव मिळाले. मानवातील समकक्ष एचएलए जनुके पुढे सहाव्या गुणसूत्रावर आढळली. अवयव प्रतिरोपणापूर्वी दाता व रुग्ण यांची हीच जनुके जुळवून पाहतात.

गोरर इ.स. १९६० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढील वर्षी, वयाच्या ५४ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. या क्षेत्रातील संशोधनासाठी इ.स. १९८० चे नोबेल पारितोषिक स्नेल, झाँ दोसे व बारूज बेनासेराफ यांना मिळाले. हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नसल्यामुळे गोरर यांचा त्यात समावेश होऊ शकला नाही.